कंपायलरने चूक सांगितली, आता त्या ओळीवर कसं पोहोचायचं?

सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोणाच्याही हातांकडे थोडा वेळ लक्ष द्या. चार ओळी लिहिल्या, फाइल सेव्ह केली, दुसऱ्या खिडकीतल्या टर्मिनलवर गेले, वरच्या बाणाची कळ दाबून मघाचीच कमांड परत आणली, एंटर दाबलं. कंपायलर म्हणाला, ४७व्या ओळीत चूक आहे. पुन्हा एडिटरमध्ये आले, ४७वी ओळ शोधली, दुरुस्त केली, सेव्ह केली, पुन्हा टर्मिनल. यातली एकही कृती अवघड नाही. पण हा फेरा दिवसभर चालतो, आणि दर फेऱ्यात डोक्यातला विचार बाजूला ठेवून पुन्हा हाती घ्यावा लागतो.

फेरा लहान करायची सोय जवळपास प्रत्येक एडिटरमध्ये असते. बहुतेक जण तिचा अर्धाच भाग वापरतात. एक कळ ठरवतात, ती दाबली की कंपाइल होऊन प्रोग्रॅम चालतो. जायची वाट सोपी झाली. परतीची वाट, म्हणजे चुकीच्या संदेशापासून थेट त्या ओळीपर्यंत येण्याची वाट, मात्र तशीच लांब राहते. माझ्या मते जास्त दमणूक याच वाटेवर होते, म्हणून या लेखात तिच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

निळ्या पडद्याने काय दिलं होतं

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग किंवा बीसीएस केलेल्या कितीतरी जणांनी पहिला प्रोग्रॅम टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर लिहिला. ऑल्ट-एफ९ दाबलं की कंपाइल, कंट्रोल-एफ९ दाबलं की रन, ऑल्ट-एफ५ दाबलं की आउटपुटचा काळा पडदा. पुढे नोकरीत किंवा वरच्या वर्गात लिनक्स समोर आलं की हेच विद्यार्थी गोंधळतात. एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, दोघांची एकमेकांशी ओळख नाही. काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटणं रास्त आहे.

ती सोय आली टर्बो पास्कलमधून. बोरलँड कंपनीने ते नोव्हेंबर १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरला बाजारात आणलं, त्या काळी इतर कंपायलर शेकडो डॉलरला मिळत असताना. त्याचा गाभा असलेला कंपायलर अँडर्स हायल्सबर्ग यांनी लिहिला होता. एडिटर आणि कंपायलर मिळून सगळा प्रोग्रॅम ४० किलोबाइटच्या आत बसायचा. त्या वेळच्या इतर साधनांमध्ये एडिटर बंद करायचा, मग कंपायलर चालवायचा, त्याने डिस्कवर मधल्या फाइली लिहायच्या, मग लिंकर, म्हणजे ते तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणारा, चालवायचा, असा क्रम होता. फ्लॉपीवर त्याला मिनिटं लागत. टर्बो पास्कल सगळं मेमरीतच करायचं आणि मजकूर एकदाच वाचून थेट यंत्राच्या सूचना तयार करायचं.

वेगाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट त्यात होती. पहिली चूक सापडताच कंपायलर थांबायचा, एडिटर उघडायचा आणि कर्सर नेमका चुकीच्या जागी उभा असायचा. पुढच्या चुकांची यादी नाही. ही एक सुधारा, पुन्हा चालवा. कंपाइल इतकं झटपट व्हायचं की हे परवडायचं. प्रोग्रॅम चालता चालता कोसळला, तर तो कोणत्या पत्त्यावर थांबला ते लक्षात ठेवून टर्बो पास्कल मूळ मजकूर पुन्हा कंपाइल करत जायचं आणि तो पत्ता आला की तिथली ओळ दाखवायचं. म्हणजे परतीची वाट कंपाइलच्या चुकांपुरती नव्हती, चालू प्रोग्रॅममधल्या चुकांसाठीही होती. आजच्या कित्येक जणांच्या मांडणीत ही दुसरी सोय नसते. ती पुन्हा कशी मिळवायची ते पुढे येईल.

यावरून टर्बो सी आजही वापरा, असा अर्थ कृपया काढू नका. त्यात इंट १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे बेरीज गेली की उत्तर बिघडतं. त्यातली सी प्लस प्लस भाषा १९९८ चं प्रमाणीकरण होण्याआधीची आहे. त्यावर शिकलेल्या सवयी पुढे सोडवाव्या लागतात. त्यातून घ्यायची ती फक्त फेऱ्याची कल्पना. हायल्सबर्ग यांनी पुढे टाइपस्क्रिप्ट भाषा घडवली आणि आज घराघरात पोहोचलेला व्हीएस कोड हा एडिटर त्याच भाषेत लिहिलेला आहे, हे जाता जाता सांगायला मला आवडतं.

एडिटरला कंपायलरचं बोलणं कसं कळतं

एडिटर आणि कंपायलर वेगळे असतील, तर त्यांच्यात निरोप कसा जातो? साध्या मजकुरातून. जीसीसी या सीच्या कंपायलरला चूक सापडली की तो अशी ओळ छापतो:

बेरीज.सी:१२:५: एरर: ‘टोट्ल’ अनडिक्लेअर्ड

फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक, कोलन, त्या ओळीतलं कितवं अक्षर, कोलन, आणि मग संदेश. ही रचना योगायोगाने आलेली नाही. ग्नू प्रकल्पाच्या कोडिंगच्या नियमांमध्ये चुकीचे संदेश कसे छापायचे ते लिहून ठेवलं आहे, आणि क्लँगसारखे इतर कंपायलरही जवळपास तशीच ओळ छापतात. एडिटरला एवढं पुरतं. पहिल्या कोलनपर्यंत फाइल, दुसऱ्यापर्यंत ओळ, तिसऱ्यापर्यंत स्तंभ. तो ती ओळ वाचतो, फाइल उघडतो, कर्सर नेऊन ठेवतो. सी भाषा त्याला समजायची गरज नाही.

आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, प्रत्येक प्रोग्रॅमला बोलायला दोन वाटा असतात, नेहमीचं आउटपुट एका वाटेने आणि तक्रारी दुसऱ्या वाटेने. कंपायलर चुका दुसऱ्या वाटेवर सांगतो. तुम्ही फक्त पहिली वाट फाइलमध्ये वळवली तर फाइल रिकामी निघते आणि चुका पडद्यावरच राहतात. एडिटरला दोन्ही वाटा ऐकाव्या लागतात. दोन, काम संपल्यावर प्रत्येक प्रोग्रॅम एक आकडा मागे ठेवतो: ० म्हणजे ठीक, दुसरा कोणताही आकडा म्हणजे बिघाड. ‘कंपाइल झालं तरच चालव’ हे याच आकड्यावरून ठरतं.

विममधला क्विकफिक्स

हे सगळं सर्वात उघडपणे दिसतं ते विम या एडिटरमध्ये, म्हणून त्याचंच उदाहरण सविस्तर घेऊ. ब्राम मोलेनार यांनी विम १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते त्याची देखभाल करत राहिले. विममध्ये लिहा-कंपाइल करा-सुधारा हा फेरा लवकर व्हावा म्हणून ‘क्विकफिक्स’ नावाची खास सोय आहे. अमिगावरच्या मँक्स कंपनीच्या अॅझ्टेक सी कंपायलरमध्ये त्या नावाचा पर्याय होता, त्यावरून ती घेतली, असं विमच्या मदतपानांत नोंदवलेलं आहे.

वापरायला ती सोपी आहे. कोलन देऊन ‘मेक’ ही कमांड द्यायची. ‘मेकपीआरजी’ या सेटिंगमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम विम चालवतो, त्याचं सगळं बोलणं एका तात्पुरत्या फाइलमध्ये साठवतो, मग ‘एररफॉरमॅट’ या दुसऱ्या सेटिंगमधल्या साच्यांशी त्यातली एकेक ओळ ताडून बघतो आणि पहिल्या चुकीवर कर्सर नेतो. ‘सीनेक्स्ट’ म्हटलं की पुढची चूक, ‘सीप्रीव्ह’ म्हटलं की मागची, ‘सीओपन’ म्हटलं की खाली सगळ्या चुकांची यादी. यादीतल्या ओळीवर एंटर दाबा, त्या जागी पोहोचाल. चूक दुसऱ्याच फाइलमध्ये असेल तर ती फाइलही आपोआप उघडते. हाताने केलेल्या फेऱ्यात सर्वात कंटाळवाणं काम हेच असतं.

त्याआधी ‘ऑटोराइट’ चालू करून ठेवा. तो बंद असेल तर सेव्ह न केलेले बदल कंपायलरपर्यंत पोहोचतच नाहीत. तुम्ही सुधारलेली ओळ पडद्यावर दिसत असते, कंपायलर मात्र डिस्कवरची जुनी फाइल वाचून तीच तक्रार पुन्हा करतो.

मेकपीआरजीमध्ये मुळात ‘मेक’ हाच प्रोग्रॅम लिहिलेला असतो, त्यामुळे एकाच फाइलच्या प्रोग्रॅमसाठीही मेकफाइल, म्हणजे काय कशापासून बनवायचं हे मेकला सांगणारी फाइल, लिहावी लागते, असं अनेकांना वाटतं. लागत नाही. सी फाइलपासून चालणारा प्रोग्रॅम कसा बनवायचा, हा नियम मेकमध्ये आधीपासूनच असतो. फोल्डरमध्ये बेरीज.सी असेल तर टर्मिनलवर ‘मेक बेरीज’ एवढं पुरतं. विममध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे सध्याच्या फाइलचं नाव, आणि त्यापुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह जोडलं की तेच नाव, पण शेवटचा टिंबापुढचा भाग वगळून. तेव्हा ‘:मेक %<’ ही एकच कमांड कोणत्याही एकफाइली सी प्रोग्रॅमला चालते. ती एफ९ कळीला जोडून टाका.

जीसीसी थेट मेकपीआरजीमध्ये लिहायचा असेल तर कमांडमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. नाहीतर विम पहिल्या शब्दावर सेटिंग संपलं असं समजतो आणि पुढचे शब्द वेगळी सेटिंगं मानून तक्रार करतो. नवख्यांची गाडी हमखास इथेच अडते.

जावा, पायथन किंवा टेक या मजकूर मांडणाऱ्या प्रणालीच्या चुका जीसीसीसारख्या छापल्या जात नाहीत. पायथनमध्ये तर फाइल आणि ओळ एका ओळीवर, आणि खरा संदेश शेवटी, काही ओळी सोडून. यासाठी एररफॉरमॅट स्वतः रचत बसू नका. विमसोबत अनेक कंपायलरांचे तयार साचे येतात. ‘कंपायलर’ ही कमांड आणि पुढे नाव दिलं की मेकपीआरजी आणि एररफॉरमॅट यांपैकी जे लागेल ते बसवलं जातं. नसेलच तर मगच रचायला घ्या. त्या लिपीत ‘%एफ’ म्हणजे फाइल, ‘%एल’ म्हणजे ओळ, ‘%सी’ म्हणजे स्तंभ आणि ‘%एम’ म्हणजे संदेश. जीसीसीच्या ओळीचा साचा हीच चार चिन्हं कोलनने जोडून होतो.

मेक का हवा

मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये लिहिला. त्यामागची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी चिडून त्यांच्याकडे आले. एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती, आणि चूक तर आधीच सुधारलेली होती. फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. मेकने उत्तर दिलं ते साधं आहे: मूळ फाइलची वेळ आणि तयार फाइलची वेळ बघ, मूळ फाइल नंतरची असेल तरच पुन्हा बनव.

हीच अडचण आजही वेगळ्या रूपात भेटते. अनेक जण एफ५ कळीला ‘कंपाइल कर, मग चालव’ अशी कमांड जोडतात आणि दोन भागांच्या मध्ये अर्धविराम ठेवतात. अर्धविरामाचा अर्थ, पहिल्याचं काहीही होवो, दुसरं कर. कंपाइल फसलं की मागच्या वेळचा तयार प्रोग्रॅम तिथेच पडलेला असतो, तो मुकाट चालतो आणि जुनं उत्तर दाखवतो. चुकीचे संदेश त्या आउटपुटच्या वर सरकून गेलेले असतात. आपण लिहिलेल्या बदलाचा काहीच परिणाम कसा होत नाही, याचा विचार करत माणूस अगदी अचूक कोड उकरत बसतो. अर्धविरामाऐवजी ‘&&’ घाला. मग पहिल्याने मागे ० ठेवला तरच दुसरं सुरू होतं. या एका बदलाने वाचणारा मनस्ताप मोठा आहे.

मेकफाइल लिहिलीच, तर त्यात ‘रन’ नावाचं लक्ष्य ठेवून ते तयार प्रोग्रॅमवर अवलंबून आहे असं सांगता येतं. मग ‘मेक रन’ म्हटल्यावर आधी प्रोग्रॅम ताजा होतो आणि तो झाला तरच चालतो. लिहिताना कृतीच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, मोकळ्या जागा चालत नाहीत. हा नियम जाचक आहे हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर मेक वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी तो बदलला नाही. एडिटर टॅबऐवजी मोकळ्या जागा घालत असेल तर निदान मेकफाइलपुरतं ते बंद ठेवा.

चालवणं हे वेगळं काम आहे

कंपाइल आणि रन एकाच कळीला बांधायचा मोह आवरावा असं मला वाटतं. कंपायलरचं बोलणं ठरलेल्या साच्याचं असतं, ते एडिटरने वाचावं. आपल्या प्रोग्रॅमचं आउटपुट कसंही असू शकतं. समजा तो वेळ छापतो, १०:४५:३०. विमने हे मेकच्या निकालाचा भाग म्हणून वाचलं, तर ‘१०’ नावाच्या फाइलच्या ४५व्या ओळीत चूक आहे असं तो समजू शकतो आणि एक रिकामी फाइल समोर आणून ठेवतो. त्याने नियम अगदी बरोबर पाळलेला असतो.

इनपुटची अडचण याहून मोठी. प्रोग्रॅम वापरणाऱ्याकडून काही विचारत असेल, तर एडिटरमधल्या आउटपुटच्या चौकटीत उत्तर टाइप करायची सोय बहुधा नसते. सबलाइम टेक्स्टमध्ये कंट्रोल-बी दाबल्यावर उघडणारी चौकट फक्त दाखवते, ऐकत नाही. व्हीएस कोडमधल्या आउटपुट चौकटीचंही तसंच. प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत थांबतो आणि एडिटर अडकल्यासारखा वाटतो. अशा वेळी प्रोग्रॅम खऱ्या टर्मिनलमध्येच चालवावा. आज ते एडिटरमध्येच मिळतं. विममध्ये २०१८ च्या ८.१ आवृत्तीपासून ‘टर्मिनल’ कमांड आहे, व्हीएस कोडमध्ये खालची टर्मिनलची पट्टी आहे.

याच प्रकारचा आणखी एक गोंधळ आहे. ‘नाव सांगा’ असं छापून नाव वाचणारा प्रोग्रॅम टर्मिनलवर नीट चालतो, एडिटरमधून चालवला की प्रश्न दिसतच नाही, आणि नाव दिल्यावर सगळं एकदम उमटतं. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. आपण टर्मिनलशी बोलतोय असं कळलं तर सीची लायब्ररी ओळ पूर्ण होताच मजकूर पुढे ढकलते. समोर टर्मिनल नसेल तर बराच मजकूर साठवून एकदम पाठवते, कारण ते जलद पडतं. प्रश्न छापल्यावर ‘एफफ्लश’ बोलावलं की मजकूर लगेच बाहेर पडतो.

स्पर्धेतली कोडं सोडवणाऱ्यांनी दर वेळी इनपुट हाताने टाइप करणं तर सोडूनच द्यावं. नमुना इनपुट एका फाइलमध्ये ठेवा आणि ‘<’ चिन्हाने ते प्रोग्रॅमला द्या. लिनक्सवर पुढे ‘टाइमआउट’ जोडून पाच सेकंदांची मर्यादा घातली की न संपणारं लूप लिहिलं गेलं तरी एडिटर अडकून पडत नाही.

ईमॅक्स आणि व्हीएस कोड

कल्पना तीच, नावं वेगळी. ईमॅक्स या एडिटरमध्ये मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुधा ऑल्टची कळ) देऊन ‘कंपाइल’ म्हणायचं. तो आधी ‘मेक -के’ ही कमांड सुचवतो, मग न सेव्ह केलेल्या फाइलींबद्दल विचारतो; ‘-के’ म्हणजे एक भाग फसला तरी त्यावर अवलंबून नसलेले बाकीचे भाग बनवत राहा. कंपायलरचं बोलणं शेजारच्या खिडकीत उमटत राहतं आणि त्या वेळात तुम्ही लिहू शकता. मेटा-जी आणि एन दाबलं की पुढची चूक. ‘रीकंपाइल’ला एखादी कळ दिली की मागची कमांड न विचारता पुन्हा चालते.

व्हीएस कोडमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरातली टास्क्स नावाची जेसन फाइल हे काम करते. तिथे कोणती कमांड चालवायची ते लिहायचं, तिला मुख्य बिल्ड टास्क ठरवायचं, आणि कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की ती चालते. बरेच जण इथे थांबतात. त्याच टास्कमध्ये ‘प्रॉब्लेममॅचर’ नावाची नोंद असते. तिच्यात ‘$जीसीसी’ लिहिलं की चुका प्रॉब्लेम्सच्या पट्टीत जमतात, कोडखाली लाल रेघा येतात आणि एफ८ दाबून एकेका चुकीवर जाता येतं. ती नोंद राहिली तर कंपाइल होतं, संदेशही दिसतात, पण एडिटरच्या दृष्टीने तो नुसता मजकूर असतो. विममधला एररफॉरमॅट आणि हा प्रॉब्लेममॅचर, दोघांचं काम एकच.

इथेही टास्क लिहिताना फाइलच्या नावाभोवती अवतरणचिन्हं हवीत. ‘माझे प्रोग्रॅम’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये काम करणाऱ्याची कमांड मधल्या मोकळ्या जागेवर तुटते आणि कंपायलर ‘माझे’ नावाची फाइल सापडत नाही म्हणतो. शक्य असेल तर प्रोग्रॅमच्या फोल्डरना मोकळी जागा नसलेलीच नावं द्या.

टाइप करतानाच लाल रेघा दाखवणारे क्लँगडीसारखे लँग्वेज सर्व्हर आता सर्रास वापरले जातात, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. त्यांनी व्याकरणाच्या आणि प्रकारांच्या चुकांचा मोठा भाग कंपाइल करण्याआधीच पकडला जातो, आणि ते जरूर वापरावेत. पण फंक्शन जाहीर केलं आणि लिहायचं राहिलं, तर ते लिंकरलाच कळतं. शिवाय कंपायलरला दिलेले पर्याय सर्व्हरलाही दिलेले नसतील, तर दोघांचं म्हणणं वेगळं पडतं. शेवटचा शब्द कंपायलरचाच असतो.

कोसळलेल्या प्रोग्रॅमपासून ओळीपर्यंत

आता टर्बो पास्कलची ती दुसरी सोय. आजचा सी प्रोग्रॅम ॲरेच्या बाहेर लिहून कोसळला तर टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच येतं. फाइल नाही, ओळ नाही. कित्येकदा तर तो कोसळतही नाही, शेजारची मेमरी बिघडवून पुढे चालत राहतो. विद्यार्थी मग जागोजागी प्रिंटएफ घालत बसतात.

जीसीसी आणि क्लँग यांच्यात यावर उपाय आहे, आणि तो कंपाइलच्या कमांडमध्ये एकदाच लिहून ठेवायचा असतो. ‘-जी’ हा पर्याय दिला की कोणती सूचना मूळ कोणत्या ओळीतून आली याची नोंद तयार प्रोग्रॅममध्ये राहते. ‘एफसॅनिटाइझ’ या पर्यायापुढे बरोबरचं चिन्ह आणि ‘अॅड्रेस’ लिहिलं की मेमरीच्या प्रत्येक वापरावर पहारा बसतो. तिथेच स्वल्पविराम देऊन ‘अनडिफाइंड’ जोडलं की बेरीज मर्यादेबाहेर जाण्यासारखे प्रकारही कळतात. प्रोग्रॅम हद्दीबाहेर गेला की तिथेच थांबतो आणि फंक्शनांची साखळी छापतो, प्रत्येक फंक्शनपुढे फाइल, कोलन, ओळ. पुन्हा तीच ओळखीची रचना. अशी ओळ विममध्ये असेल तर तिच्यावर कर्सर ठेवून जी आणि मोठं एफ दाबलं की फाइल त्या ओळीवर उघडते. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल धरून क्लिक केलं तरी पोहोचता येतं.

पहाऱ्यामुळे प्रोग्रॅम बराच सावकाश चालतो आणि जास्त मेमरी घेतो, तेव्हा वेळ मोजताना किंवा काम दुसऱ्याच्या हाती देताना हे पर्याय काढायचे. शिकताना आणि लिहिताना ते कायम चालू असावेत. त्यांच्यासोबत सगळ्या नेहमीच्या सूचना मागणारा ‘-वॉल’ही. लूपची अट लिहिताना दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच पडलं, तर तो कंपाइलच्या वेळीच टोकतो, आणि ती सूचनाही चुकीसारखीच यादीत येऊन बसते.

सगळं बसवून झालं की मुद्दाम चाचणी घ्या. दोन फाइलींचा छोटा प्रोग्रॅम करा. दोन्हींत एकेक चूक पेरा, एकीत अर्धविराम गाळा, दुसरीत न जाहीर केलेलं नाव वापरा, आणि सेव्ह न करता कंपाइलची कळ दाबा (मेक वापरत असाल तर ‘-के’ जोडून, नाहीतर तो पहिल्या फसलेल्या फाइलीवरच थांबतो). कर्सर पहिल्या चुकीवर गेला पाहिजे, पुढच्या कळीला दुसरी फाइल आपसूक उघडली पाहिजे. त्या चुका तशाच ठेवून रनची कळ दाबा. जुना प्रोग्रॅम चालला नाही पाहिजे. मग दोन्ही सुधारा, पाच घरांच्या ॲरेच्या सहाव्या घरात काहीतरी लिहा आणि पुन्हा चालवा. ज्या टप्प्यावर ओळ क्रमांक वाचून तुम्हाला स्वतः शोधत जावं लागलं, त्या टप्प्याचं सेटिंग अजून राहिलं आहे.